वेग दुरुस्त केला आणि चूक वाढली: एअरगनसाठी बॅलिस्टिक सॉफ्टवेअर नेमके कसे भरावे?

पोफळीखाली (सावईवेरे, फोंडा)

सर्व जाणकार सदस्यांना नमस्कार. गेले दोन महिने मी एकाच प्रश्नात अडकलो आहे, म्हणून सगळे आकडे जसेच्या तसे येथे मांडतो.

माझ्याकडे ४.५ मिलिमीटरची, नळी मोडून ताणायची स्प्रिंगची एअर रायफल आहे. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवाना लागत नाही अशा, म्हणजे २० जूलच्या आतल्या गटातली ती आहे. आमच्या कुळागरात पोफळींच्या दोन ओळींमधून ४० मीटरची सरळ वाट मिळते. ती मी टेपने मोजली असून दर १० मीटरला खुंटी ठोकली आहे. छर्रा ८.४४ ग्रेनचा, गोल डोक्याचा आहे आणि दुर्बीण २० मीटरवर झिरो केलेली आहे, म्हणजे त्या अंतरावर छर्रा नेमाच्या बिंदूवरच लागतो. प्रत्येक अंतरावर मी शांत हवेत दहा-दहा छर्रे आलेख कागदावर मारले आणि प्रत्येक ग्रूपचा मध्य काढला. नेमाच्या बिंदूपासून तो १० मीटरवर १५ मिलिमीटर, ३० मीटरवर १२ मिलिमीटर आणि ४० मीटरवर ५५ मिलिमीटर खाली आला.

मोबाईलवरच्या बॅलिस्टिक अ‍ॅपमध्ये मी सुरुवातीला खोक्यावर छापलेला वेग, म्हणजे सेकंदाला २५० मीटर, आणि बॅलिस्टिक कोएफिशंट (छर्रा हवेत आपला वेग किती टिकवतो तो आकडा) ०.०२१ भरला. बाकीच्या रकान्यांत अ‍ॅपने आधीच घातलेले आकडे तसेच ठेवले. त्यावर अ‍ॅपने १० मीटरवर १०, ३० मीटरवर १० आणि ४० मीटरवर ४३ मिलिमीटर खाली असे उत्तर दिले. ३० मीटरवरचा फरक फक्त २ मिलिमीटर असल्यामुळे माझा अ‍ॅपवर विश्वास बसला. ४० मीटरवरचा १२ मिलिमीटरचा फरक खोक्यावरच्या फुगवलेल्या वेगामुळे असावा, असे मी धरून चाललो.

चवथीच्या सुट्टीत एका मित्राचा क्रोनोग्राफ, म्हणजे छर्ऱ्याचा वेग मोजणारे यंत्र, मिळाले. पहिल्या दिवशी बाल्कांवमध्ये (घरापुढच्या ओसरीत) ट्यूबलाइटखाली त्याने अगदी वेडेवाकडे आकडे दाखवले. दुसऱ्या दिवशी ढगाळ उजेडात अंगणात लावला तेव्हा दहा छर्ऱ्यांचे वेग २१२ ते २१८ च्या दरम्यान आले आणि सरासरी २१५ निघाली. खोक्यावरचा आकडा खोटा ठरला, याचा मला आनंदच झाला, कारण आता सगळे जुळेल असे वाटले. प्रत्यक्षात २१५ भरल्यावर अ‍ॅप १० मीटरवर ७, ३० मीटरवर २१ आणि ४० मीटरवर तब्बल ७२ मिलिमीटर खाली असे सांगू लागले. म्हणजे खोटा आकडा भरला तेव्हा ४० मीटरवर १२ मिलिमीटरची चूक होती आणि खरा आकडा भरल्यावर ती उलट्या दिशेने १७ मिलिमीटर झाली. क्रोनोग्राफ चुकीचा आहे, अ‍ॅप चुकीचे आहे, की माझ्या समजुतीतच काही गफलत आहे? कृपया मार्गदर्शन करावे.


नेमधारी (म्हापसा)

पोफळीखाली, आपण कागदावर घेतलेली मेहनत पाहून समाधान वाटले, कारण बहुतेक जण तीन छर्रे मारून प्रश्न विचारतात.

माझा अनुभव असा की बॅलिस्टिक कोएफिशंट हा या सगळ्यातला सर्वांत बेभरवशाचा आकडा असतो. एकच छर्रा दोन वेगळ्या नळ्यांतून मारला तर तो वेगळा निघतो. तेव्हा वेग २१५ वर कायम ठेवून, ४० मीटरचे उत्तर ५५ वर येईपर्यंत कोएफिशंट हळूहळू वाढवत न्यावा, असे मी सुचवीन. दुसरे म्हणजे आपण हे सगळे भर पावसाळ्यात केले आहे. आपल्याकडच्या दमट, जड हवेचा परिणाम अ‍ॅपमधल्या तापमान आणि आर्द्रतेच्या रकान्यांत भरला होता का, हेही तपासावे.


मोजपट्टी (मडगाव)

पोफळीखाली यांना सर्वप्रथम सांगतो की आपला क्रोनोग्राफ बरोबर आहे, अ‍ॅपही बरोबर आहे, आणि उत्तर आपण स्वतःच वर लिहून ठेवले आहे. तीस वर्षे मशीन शॉपमध्ये मापे घेण्यात गेल्यामुळे मला आपले आकडे वाचताना फार बरे वाटले. ते एकमेकांशी इतके नीट जुळतात की चूक कोणत्या रकान्यात आहे तेच नव्हे, तर ती किती मिलिमीटरची आहे हेही येथून सांगता येते.

वेग दुरुस्त केल्यानंतरचे फरक पाहा. अ‍ॅपने सांगितल्यापेक्षा छर्रा १० मीटरवर ८ मिलिमीटर खाली, ३० मीटरवर ९ मिलिमीटर वर आणि ४० मीटरवर १७ मिलिमीटर वर लागतो. २० मीटरवर आपण झिरो केलेला असल्याने तेथे फरक नाहीच. हे चार बिंदू कागदावर मांडले तर ते एका सरळ रेषेत येतात, आणि ती रेषा २० मीटरच्या खुंटीवर टेकलेल्या तराजूच्या दांडीसारखी एका बाजूला खाली आणि दुसऱ्या बाजूला वर गेलेली दिसते. वेगाची किंवा कोएफिशंटची चूक अशी सरळ रेषेत कधीच जात नाही. ती झिरोच्या अलीकडे जेमतेम जाणवते आणि पलीकडे झपाट्याने वाढत जाते. आपल्याच आकड्यांत ते दिसते: वेग २५० चा २१५ केल्यावर १० मीटरचे उत्तर केवळ ३ मिलिमीटरने बदलले, पण ४० मीटरचे २९ मिलिमीटरने बदलले.

दांडीसारखी सरळ चूक करणारा रकाना एकच आहे, आणि तो म्हणजे दुर्बिणीची उंची: नळीच्या छिद्राच्या मध्यापासून दुर्बिणीच्या मध्यापर्यंतचे उभे अंतर. आपण ज्या रकान्यांना हात लावला नाही, त्यांत हा एक असणार आणि तेथे अ‍ॅपने दीड इंच, म्हणजे ३८ मिलिमीटर घातलेले असणार. मोठ्या रायफलींवर बसक्या माउंटवर लावलेल्या दुर्बिणीला तो आकडा चालतो. एअरगनवर जाड सिलिंडर आणि उंच माउंट असल्यामुळे खरी उंची पुष्कळदा ५० च्या पुढे जाते.

आता किती ते पाहू. नळीच्या तोंडाशी उंचीची चूक पूर्ण असते आणि झिरोच्या अंतरावर ती शून्य होते, म्हणून निम्म्या वाटेवर, म्हणजे १० मीटरवर, ती निम्मी असली पाहिजे. आपला तेथला फरक ८ आहे, म्हणून मूळ चूक १६. झिरोच्या दीडपट अंतरावर ती पुन्हा निम्मी होते, पण उलट बाजूला. तेथे आपला फरक ९ आहे, म्हणून १८. दुप्पट अंतरावर ती पूर्ण उलटते आणि तेथे आपल्याला १७ मिळाले आहेत. तीन वेगवेगळ्या कागदांनी १६, १८ आणि १७ ही साक्ष दिल्यावर आपली दुर्बीण ३८ अधिक १७, म्हणजे ५५ मिलिमीटर उंच आहे, असे मी न पाहता लिहून देतो.

यावरून सुरुवातीच्या फसवणुकीचाही उलगडा होतो. ४० मीटरवर खोट्या वेगामुळे अ‍ॅप छर्ऱ्याला २९ मिलिमीटर जास्त वर दाखवत होते आणि खोट्या उंचीमुळे १७ मिलिमीटर जास्त खाली दाखवत होते. वजाबाकी होऊन केवळ १२ शिल्लक राहिले. ३० मीटरवर तर या दोन चुकांनी एकमेकींना जवळजवळ पूर्ण झाकून टाकले. आपण त्यांपैकी एक काढून टाकली तेव्हा दुसरी उघडी पडली.

नेमधारी यांच्या सूचनेबद्दल आदरपूर्वक असहमती नोंदवतो. ४० मीटरचे उत्तर केवळ कोएफिशंट वाढवून ५५ वर आणायचे झाले तर तो ०.०६ च्या वर, म्हणजे तिप्पट न्यावा लागेल. ८.४४ ग्रेनच्या कंबर असलेल्या छर्ऱ्याला असा कोएफिशंट असूच शकत नाही. शिवाय एवढे करूनही १० मीटरवर अ‍ॅप ८ सांगेल आणि कागदावर १५ च राहतील. एका अंतरावर उत्तर जुळवून घेतलेले अ‍ॅप दुसऱ्या अंतरावर दगा देते, म्हणून जे माप हाताने घेता येते ते आधी हाताने घ्यावे आणि ज्याचा अंदाजच करावा लागतो त्याला सर्वांत शेवटी हात लावावा.

हवेबद्दल एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते. दमट हवा जड नसते, उलट किंचित हलकी असते, कारण पाण्याची वाफ नायट्रोजन आणि ऑक्सिजनपेक्षा हलकी आहे. ३० अंश तापमानात कोरडी हवा आणि पावसाळी हवा यांच्या घनतेत साधारण दीड टक्क्याचा फरक पडतो. आपल्या रायफलीसाठी ४० मीटरवर त्याचा परिणाम अर्धा मिलिमीटरही नाही. तापमानाचा रकाना भरावा, समुद्रसपाटीच्या जवळ असल्याने दाब नेहमीचा ठेवावा आणि आर्द्रतेच्या मागे लागू नये.

आता उंची कशी मोजावी ते सांगतो. व्हर्नियरने दुर्बिणीच्या पुढच्या घंटीच्या (पुढच्या भिंगाभोवतीच्या फुगीर भागाच्या) माथ्यापासून नळीच्या तळापर्यंतचे माप घ्यावे, त्यातून घंटीच्या व्यासाचा निम्मा आणि नळीच्या व्यासाचा निम्मा वजा करावा. सिलिंडरवरून माप घेऊ नये, कारण स्प्रिंगच्या रायफलीत सिलिंडरचा मध्य आणि नळीचा मध्य एकाच रेषेत असतील याची खात्री नसते.


खारेवारे (मोरजी)

मोजपट्टी यांनी इतके सविस्तर लिहिल्यानंतर उंचीबद्दल मला काही जोडायचे नाही, पण हवेबद्दल बोलताना खरा खलनायक बाजूलाच राहिला असे वाटते, म्हणून लिहितो.

पोफळीखाली यांच्याच वेगाने आणि कोएफिशंटने हिशेब केला, तर सेकंदाला फक्त १ मीटर वेगाचा आडवा वारा ४० मीटरवर छर्ऱ्याला सुमारे २५ मिलिमीटर बाजूला नेतो. ताशी साडेतीन किलोमीटरचा हा वारा अंगाला कळतही नाही. पोफळीचे झावळे हलत नाही आणि फक्त कोळ्याचे जाळे थरथरते, एवढीच त्याची खूण. आम्ही किनाऱ्यावरचे लोक हे लवकर शिकतो. दुपारी खारे वारे सुरू झाले की माझे ग्रूप उजवीकडे ओढले जातात. म्हणून अ‍ॅप भरण्यासाठी लागणारे सगळे कागद मी पहाटे, मतलई वारे थांबून खारे वारे सुरू होण्याच्या मधल्या शांत वेळेत मारतो. आपण कुळागराच्या आडोशाला आहात हे भाग्यच, पण दोन ओळींमधली वाट बोगद्यासारखी वारा ओढते, तेव्हा ३० मीटरच्या खुंटीला सुताचा एक धागा बांधून ठेवावा.

आणखी एक गोष्ट काळजीपोटी विचारतो. लक्ष्याच्या मागे काय आहे? कुळागरात बहुधा चिऱ्यांचा गडगा असतो, आणि चिऱ्यावर आपटलेला शिशाचा छर्रा कोणत्या दिशेला उडेल हे कोणालाही सांगता येत नाही. १० मीटरवर तर तो थेट आपल्या डोळ्यापर्यंत परत येऊ शकतो. लाकडी पेटीत वाळू भरून ती मागे ठेवावी, चष्मा घालावा, आणि नारळ पाडणारे किंवा पाणी सोडणारे कोणी बागेत असताना रायफल ताणूच नये. माकडे आणि शेकरू नुकसान करतात हे खरे असले तरी त्यांच्याकडे नळी वळवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा भंग आहे. आपण तसे काही लिहिलेले नाही, पण हा धागा वाचणाऱ्या नव्या मुलांसाठी नोंदवून ठेवतो.


पोफळीखाली (सावईवेरे, फोंडा)

मोजपट्टी काका, आपले उत्तर वाचून मी तसाच उठलो आणि अ‍ॅप उघडले. दुर्बिणीच्या उंचीचा रकाना दुसऱ्या पानावर, दुर्बिणीच्या नावाखाली दडलेला होता आणि त्यात ३८ च लिहिलेले होते. दोन महिने मी ते पान उघडलेच नव्हते.

शेजारच्या गॅरेजमधून व्हर्नियर आणला. माझ्या दुर्बिणीची घंटी थोडी पुढे येऊन नळीवर झुकते, त्यामुळे माप घेणे सोपे गेले. घंटीच्या माथ्यापासून नळीच्या तळापर्यंत ८६ मिलिमीटर भरले. घंटीचा व्यास ५० आणि नळीचा १५ आहे. निम्मे निम्मे वजा केल्यावर ५३.५ उरले. आपण ५५ म्हणालात आणि व्हर्नियर ५३.५ म्हणतो, तर कोणता आकडा भरावा?

खारेवारे यांनाही सांगतो की मागे गडगाच होता. आजपासून तेथे काजूच्या जुन्या पेटीत चाळलेली वाळू भरून ठेवली आहे आणि सुताचा धागाही बांधला आहे.


मोजपट्टी (मडगाव)

५५ भरावा. नळी मोडून ताणायच्या रायफलीत नळी बंद झाल्यावर पुष्कळदा थोडी खाली झुकलेली राहते. त्यामुळे दुर्बीण आणि नळी या दोन रेषा समांतर नसतात, आणि घंटीखाली घेतलेल्या मापात आणि नळीच्या तोंडाशी असलेल्या उंचीत मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा फरक पडू शकतो. सॉफ्टवेअरला हवी असते ती तोंडाशी असलेली उंची. व्हर्नियर आणि कागद यांच्यात दोन मिलिमीटरच्या आत फरक असेल तर मी कागदाचे ऐकतो. त्याहून जास्त फरक आला असता तर मात्र मी आपल्याला झिरो पुन्हा करायला सांगितले असते, कारण २० मीटरवरचा ग्रूप २ मिलिमीटरने जरी चुकलेला असला तरी ४० मीटरवर तो ४ होऊन समोर येतो.

आता कोएफिशंटकडे वळावे, आणि तोही मोजूनच ठरवावा. क्रोनोग्राफ परत करण्यापूर्वी तो २५ मीटरवर न्यावा आणि त्याच्या तोंडावर जाड लाकडी फळी उभी करून तिच्या खिडकीतून छर्रे जाऊ द्यावेत, म्हणजे मित्राचे यंत्र वाचेल. ०.०२१ बरोबर असेल तर २१५ ने निघालेला छर्रा तेथे १८४ च्या आसपास दिसला पाहिजे. आकडा वेगळा आला, तर अ‍ॅपचे २५ मीटरचे उत्तर त्याला जुळेपर्यंतच कोएफिशंट हलवावा. नेमधारी यांची सूचना या ठिकाणी अगदी योग्य लागू पडते. हॉक कंपनीच्या चेअरगनसारख्या एअरगनसाठीच बनवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये कंबर असलेल्या छर्ऱ्यासाठी जीए नावाचा वेगळा वक्र (हवेच्या रोधाचा आलेख) असतो. तो निवडायचा असल्यास कोएफिशंटही त्याच वक्रावर काढलेला असावा. जी-१ वर, म्हणजे बंदुकीच्या गोळ्यांसाठीच्या नेहमीच्या वक्रावर, काढलेला आकडा जीएमध्ये नेऊन बसवणे म्हणजे फुटाचे माप मीटरच्या रकान्यात लिहिण्यासारखे आहे.

सगळे भरून झाल्यावर ज्या अंतरावर आपण अजून एकही छर्रा मारलेला नाही, असे अंतर निवडावे. माझ्या हिशेबाने ३५ मीटरवर अ‍ॅप २९ मिलिमीटर सांगेल. अ‍ॅपचे उत्तर आधी कागदावर पेनाने खूण करून ठेवा आणि मगच छर्रे मारा.


नेमधारी (म्हापसा)

तिप्पट कोएफिशंटचा हिशेब मी स्वतः करून पाहिला आणि मोजपट्टी यांचे म्हणणे तंतोतंत खरे निघाले. गेल्या वर्षी मी माझ्या रायफलीचा कोएफिशंट असाच ओढूनताणून ०.०३४ वर नेला होता. आता उद्या सकाळी माझी दुर्बीणही व्हर्नियरखाली जाणार आहे.

एक उपप्रश्न विचारतो. मी दुर्बिणीच्या चाकाचे क्लिक फिरवत नाही, दुर्बिणीतल्या मिलडॉटवरून, म्हणजे नेमाच्या फुलीवरच्या सारख्या अंतरावरच्या ठिपक्यांवरून नेम धरतो. त्यासाठी अ‍ॅपमध्ये वेगळे काही भरावे लागते का?


मोजपट्टी (मडगाव)

होय, आणि येथेही पुष्कळ जण चुकतात. आपल्याकडच्या बहुतेक दुर्बिणींत झूम फिरवला की चित्र मोठे होते पण डॉट तेवढेच राहतात. त्यामुळे दोन डॉटमधले अंतर एका ठरावीक झूमवरच एक मिल असते, आणि पुष्कळ दुर्बिणींत तो १० पट असतो. आपण ५ पटीवर नेम धरत असाल तर तेच अंतर दोन मिल होते आणि अ‍ॅपचे उत्तर दुपटीने चुकते. १० मीटरवर एक मिल म्हणजे १० मिलिमीटर. तेवढ्यावर कागदावर रेघा मारून आपला खरा झूम शोधून काढावा आणि कड्यावर पांढऱ्या रंगाने ठिपका करून ठेवावा. क्लिक फिरवणाऱ्यांनीही क्लिकवर विश्वास न ठेवता चाळीस क्लिक वर जाऊन ग्रूप किती सरकला ते पाहावे. पाव एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) क्लिक ४० मीटरवर २.९ मिलिमीटर सरकला पाहिजे.

जवळच्या अंतरांसाठी पॅरॅलॅक्सचीही आठवण ठेवावी. १०० यार्डांवर कायम बसवलेल्या पॅरॅलॅक्सच्या दुर्बिणीतून १० मीटरवर पाहिले, तर गाल किंचित हलला तरी नेमाचा बिंदू सरकतो. २००८ मध्ये अभिनव बिंद्रा यांनी बीजिंगमध्ये १० मीटर एअर रायफलचे सुवर्णपदक जिंकले, त्या प्रकारात अंतर एकच असते आणि दुर्बीणही नसते, म्हणून त्या नेमबाजांना या कटकटी नाहीत. आपल्याला दर छर्ऱ्यामागे अंतर बदलायचे आहे, तेव्हा गाल रोज त्याच जागी टेकला पाहिजे. स्प्रिंगच्या रायफलीत तर हाताची पकडही तीच हवी. वाळूच्या पिशवीवर टेकवून झिरो करायचा आणि मग तळहातावर धरून मारायचे, असे केल्यास ग्रूप सरकतो आणि तो कोणत्याच रकान्यात भरता येत नाही.


पोफळीखाली (सावईवेरे, फोंडा)

आज सकाळी साडेसहाला धागा अगदी सरळ लोंबत होता. २५ मीटरवरच्या दहा छर्ऱ्यांची सरासरी १८३ आली, म्हणून कोएफिशंट ०.०२१ वरच ठेवला. वेग २१५, उंची ५५, तापमान २६. काकांनी सांगितल्याप्रमाणे ३५ मीटरवर नवी खुंटी ठोकली, अ‍ॅपने सांगितलेल्या २९ मिलिमीटरवर निळ्या पेनाने बारीक फुली काढली आणि मग दहा छर्रे मारले. ग्रूपचा मध्य ३१ वर आला आणि दहापैकी चार छर्ऱ्यांनी ती फुलीच खाऊन टाकली आहे. कागद जपून ठेवला आहे.

१०, १५, २५, ३०, ३५ आणि ४० मीटरचे आकडे चिकटपट्टीवर लिहून रायफलीच्या दस्त्यावर लावले आहेत. क्रोनोग्राफ मित्राला परत केला, पण डिसेंबरच्या थंडीत सिलिंडरमधले ग्रीस घट्ट झाल्यावर वेग किती उतरतो ते पाहण्यासाठी पुन्हा मागून ठेवला आहे. तेव्हाचे आकडे याच धाग्यावर लिहीन.